दोन गावांचा मुराळी

गफूर मणियाराने बापाच्या बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेतल्या तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून तो चालत होता. घर नंदुरबारात, मणियार गल्लीत. पण घरी तो पाहुण्यासारखा यायचा, जेवायचा आणि पुन्हा निघायचा. रनाळ्यापासून तळोद्यापर्यंत कुठल्या आळीत कुणाच्या मनगटाला कोणतं माप लागतं हे त्याला पाठ होतं. स्वतःच्या बायकोचं माप मात्र एकदा चुकलं होतं, आणि साबिरा ते विसरायला तयार नव्हती.

एकोणीसशे एकवीस साली, होळीला थोडे दिवस असताना, गफूरच्या गुडघ्यांनी हात टेकले. तरी तो माळा उचलून निघालाच. साबिराने गाठोडं बांधलं आणि तळोद्याला भावाकडे निघून गेली. जाताना शेजारणीजवळ निरोप ठेवला: बसायला एक जागा मिळाली की न्यायला या, चालत्या माणसाशी संसार आता पुरे झाला. गफूर परत आला तर चूल थंड. त्याला पहिल्यांदा बायकोचा राग आला, मग स्वतःच्या गुडघ्यांचा, आणि भाकरी स्वतः थापून झाल्यावर फार वाईट वाटलं.

बसायची जागा म्हणजे बाजारातली. पण रनाळ्याच्या आठवडे बाजारात जागा कसल्या मिळतात! तिथल्या जागा बापाकडून मुलाकडे जातात, आणि मधे माणूस मेला तरी त्याचं फडकं अंथरलेलंच असतं.

अशात काकरखेड्याच्या वाहरू पाटलाने गफूरला ओट्यावर बोलावून गुळाचा चहा पाजला. पाटलाने चहा पाजला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. झालं होतं असं, की काकरखेडे आणि शेजारचं भुरदे या दोन गावांपैकी एकात नवा बाजार भरवायचा होता, आणि मामलेदार बोलता बोलता म्हणून गेले होते की येत्या खानेसुमारीत, म्हणजे सरकारी शिरगणतीत, ज्या गावात माणसं जास्त, त्या गावाला बाजार. मामलेदार बोलून विसरले. दोन्ही पाटलांची झोप उडाली.

दोन्ही गावं तशी सारखीच. मानमोडीच्या तापाच्या साथीने तीन वर्षांपूर्वी दोन्हीकडे सारखाच हात मारला होता. गफूरला ते कुणी सांगायला नको होतं. कितीतरी घरांसमोरून तो तेव्हापासून माळ न वाजवता जायचा, कारण आत बांगडी भरायला मनगट उरलं नव्हतं. उरलेल्या माणसांवरच आता पाटलांची चढाओढ चालली होती.

वाहरू पाटलाचा बेत साधा होता. खानेसुमारी एकाच सांजेला व्हायची, आणि त्या सांजेला माणूस जिथे सापडेल तिथला. मग गावच्या सगळ्या लेकी नवऱ्यापोरांसकट त्याच दिवशी माहेरी आणायच्या. लेकींना आणायचं तर मुराळी हवा. खान्देशात सासुरवाशिणीला न्यायला माहेरून भाऊ जातो, तो मुराळी. मुराळी दारात आला की सासूने कितीही नाक मुरडलं तरी तिला सुनेला अडवता येत नाही, आणि सुनेलाही नाही म्हणता येत नाही. पण गहू-हरभरा काढणीला आलेला. गावोगाव भाऊ धाडायचे कुठून? आणि गफूर तर प्रत्येक लेकीच्या दारात जात होताच. लहानपणी तिच्या हातात पहिली बांगडी त्यानेच भरलेली.

"गफूरभाऊ, तू आमना गावना मुराळी व्हय," पाटील म्हणाला. "मंग बाजारमा पहिली जागा तुन्ही."

गफूर डोळ्यांत पाणी आणून हो म्हणाला. तिथून तो भुरद्याला गेला, तर झिपरू पाटलानेही त्याला ओट्यावर बोलावलं. चहाही गुळाचाच, बेतही तोच, आणि जागेचं वचनही. दोघं पाटील एकमेकांचे व्याही. वाहरूची कमल झिपरूच्या घरात दिलेली. पण व्याह्यांमध्ये असावं तेवढंच त्यांचं सूत, म्हणजे बेताचंच. इथे दुसऱ्या एखाद्याने सांगून टाकलं असतं की बाबा, मी त्यांचा मुराळी झालोय. पण जन्मभर बायकांना "होईल, बसेल, थोडा साबण लावू" म्हणत बांगड्या भरणाऱ्या माणसाच्या तोंडात नाही हा शब्द येणार कुठून? शिवाय त्याने मनाशी हिशेबही जुळवला: कुणीतरी जिंकेलच, आणि कुणीही जिंकलं तरी जागा आपली. हुशार माणसाने मूर्खपणा करायचा ठरवला की तो असा कारण काढूनच करतो.

एकच गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. काकरखेड्याच्या लेकी बहुतेक भुरद्यात दिलेल्या होत्या आणि भुरद्याच्या काकरखेड्यात. पिढ्यान्‌पिढ्या ही दोन गावं एकमेकांनाच मुली देत आणि एकमेकांनाच नावं ठेवत आली होती. गफूर घरोघर गेला. मुराळी म्हणून कुठे शेवया, कुठे मांडे, कुठे तुपाची धार. त्याचे गुडघे दुखत राहिले पण पोट मात्र आयुष्यात पहिल्यांदा सुधारलं. दुसऱ्यांच्या बायकांना माहेरी बोलावताना आपली माहेरी बसलीय, हे मधेच आठवून हात ताटातच थांबायचा. तेवढ्यात कुणीतरी अजून एक मांडा वाढायचं.

ठरलेल्या दिवशी दुपारी दोन्ही गावांतून गाड्या जुंपून निघाल्या. गफूर आधीच वाटेवर होता, पण दोन गावांच्या शिवेवर, जुन्या चिंचेखाली, त्याचा उजवा गुडघा असा धरला की तो तिथेच बसला. उठणं जमेना तेव्हा त्याने फडकं अंथरून माळा सोडल्या. आणि बसल्या जागेवरून त्याने पाहिलं: पूर्वेकडून अख्खं काकरखेडे येत होतं, पश्चिमेकडून अख्खं भुरदे. त्याने फडकं गुंडाळायला घेतलं, पण गुडघा उठू देईना, तेव्हा पुन्हा अंथरलं.

गाड्या चिंचेखाली समोरासमोर उभ्या राहिल्या. कुठे निघालात? तुमच्याकडे. आणि तुम्ही? तुमच्याकडेच. पुढे जावं तर माहेरी कुलूप, भाऊ-भावजय इथे समोर गाडीत बसलेले. मागे फिरावं तर मुराळ्याचा अपमान. पुरुषांनी बराच विचार केला आणि विड्या पेटवल्या. बायकांनी विचार केला नाही. त्या उतरल्या, शिदोऱ्या सोडल्या, आणि बहिणी, नणंदा, भावजया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. रिकाम्या हाताने माहेरच्यांना भेटायचं कसं म्हणून एकेक जण गफूरपुढे हात घेऊन बसली. मागून कुणी ऊस आणला, कुणी फुटाणे, एका तेल्याने तर दुकानच उचलून आणलं, कारण गावात गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

रिकाम्या गावांना घाबरून दोन्ही पाटील धापा टाकत आले. पाठोपाठ कंदील घेऊन खानेसुमारी लिहिणारे मास्तर. शिवेचा दगड चिंचेच्या बुंध्याशीच होता. वाहरू पाटील लेकींना ओढून दगडाच्या अलीकडे बसवू लागला, झिपरू पाटील जावयांना पलीकडे. पोरांना तो खेळच वाटला. ती दगडावरून इकडून तिकडे उड्या मारू लागली आणि प्रत्येक उडीला एक गाव वाढायचं, दुसरं घटायचं. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. शेवटी वाहरू पाटलाने लेकीला दरडावलं, की माहेरच्या बाजूला चल.

कमलबाई उठली. सासऱ्यासमोर सुनेने बोलायचं नसतं, म्हणून तिने पदर ओढला, बापाकडे तोंड केलं, आणि सासऱ्याला नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली.

"मुराळी आठे बठेल शे, मंग मी पुढे कशी जाऊ? आनी बाजार बाजार काय करतस? बाजार तं आठेच भरी ग्या."

बाजार इथेच भरलाय म्हणते? दोघा पाटलांनी वळून पाहिलं. ऊस विकला जात होता, तेल मापलं जात होतं, बांगड्यांपुढे बायकांची रीघ. जेवढी माणसं इकडून निघाली तेवढीच तिकडून, त्यामुळे कुणाचं काही वाढलं नव्हतं की घटलं नव्हतं. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकून ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या घरात लिहून टाकलं.

उरला गफूर. त्याला आमच्यात लिहा, वाहरू पाटील म्हणाला. आमच्यात, झिपरू पाटील म्हणाला, त्याने आमच्याकडे मांडे खाल्लेत. जन्मभर ज्याला कुणी "कधी निघणार" एवढंच विचारलं, त्याच्यासाठी दोन गावं ओढाताण करू लागली, आणि गफूरला इतकं भरून आलं की त्याने माळेत तोंड लपवलं. मास्तर खाली वाकले. कुठला म्हणून लिहू, त्यांनी विचारलं.

"जठे बठेल शे, तठेच लिखा," गफूर म्हणाला.

मास्तर दमलेले होते. त्यांनी तसंच लिहिलं: शिवेवरची चिंच, वस्ती एक. मामलेदारांनी बाजाराचा निकाल दिलाच नाही, पण बाजार पुढच्या आठवड्यात चिंचेखाली आपोआप भरला आणि भरतच राहिला. गफूरने जागा सोडून उठायचं धाडस केलं नाही, म्हणून साबिराला आणायला कमलबाईचा नवरा गाडी घेऊन, उलट्या वाटेचा मुराळी म्हणून, तळोद्याला गेला. साबिरा आली, गाडीतून उतरली, फडक्याकडे पाहिलं, या बाजूला ऊन येतं म्हणाली, आणि गफूरला सरकवून सावलीत बसली.

त्या दिवशी चिंचेची लोकसंख्या दुप्पट झाली.