आजोबांचं पाठकोरं पान

पोरांनो, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, आजोबांच्या संगणकावरच्या टेक्स्ट एडिटरमधला, म्हणजे साधा मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममधला, कामांचा नियोजक आपल्याला हवा तसा कसा बदलायचा? म्हणून ही तुमची आजी आजच कबूल करते. मला तो जमावा म्हणून आजोबांनी अगदी पहिल्या पायरीपासून सगळं मराठीत लिहून दिलं होतं. ते गेल्यावर मुलुंडचं घर आवरताना मी ती पानं न वाचताच रद्दीत घातली. "तू ना, एक दिवस मलाही रद्दीत देशील!" असं ते चिडवायचे. आता इंटरनेटवर शोधते, तर सगळं ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी लिहिलेलं. त्या पानांतलं एकच उरलंय, तेही पाठीमागे मी वाणसामानाची यादी केली होती म्हणून. त्यावर फक्त पहिली पायरी आहे, तेवढीच तुम्हाला सांगू शकते.