भूकंपाच्या बातमीचं पान

थांबा, हे आत्ताच सांगायला पाहिजे! लातूरच्या आमच्या न्यूज पोर्टलचे सीनियर सर लहानपणी किल्लारीच्या भूकंपातून वाचलेत. बोलता बोलता टेबलावरच्या ग्लासातलं पाणी हलतंय का ते एकटक बघत राहतात. वेबपानांचे साचे बिल्डच्या वेळीच, म्हणजे साइट लोकांसमोर जायच्या आधीच, कंपाईल करून तयार ठेवणारं प्लगिन त्यांनीच लिहिलंय.

"पान आधीच तयार पाहिजे. ऐनवेळी कुठं बनवत बसतो रे?" हे त्यांचं रोजचं.

आज मी बिल्ड चालवला, तर न झालेल्या भूकंपाचं त्यांचं एक नवं पान तयार होऊन आलं. "लातूर हादरलं. आमच्या ऑफिसातले सगळे सुखरूप बाहेर, एक जण आत."

मी लगेच विचारलं, "सर, आत कोण हाय?"

"पान टाकायला कुणीतरी लागतंयच की," ते शांतपणे म्हणले, अन् आपलं दाराजवळचं टेबल मला देऊन स्वतः आतल्या कोपऱ्यात जाऊन बसले.

तुमच्या ऑफिसात झालंय का कधी असं?