तळघरातली फळी

२०२३ सालचा वैशाख. घाटकोपर नुसतं भाजत होतं. आता माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग चहा घ्या आणि मध्ये बोलू नका.

आमची चाळ पाडून टॉवर झाला. भजनी मंडळाला तळघरात एक खोली मिळाली. भिंती कोऱ्या, पांढऱ्या, गुळगुळीत. पण पेटी, मृदंग, टाळ सगळं जमिनीवर. सोसायटीचा सेक्रेटरी परब म्हणाला, "तात्या, रविवारपर्यंत हे सामान जमिनीवरून उचलून फळीवर गेलं नाही, तर खोली सायकलींना देणार."

सायकलींना! मंडळ काय आजचं आहे?

"सुताराला बोलवू," मंडळी म्हणाली.

"कशाला? गिरणीत यंत्रं बसवलीत मी. फळी म्हणजे काय!"

शनिवारी ड्रिल घेऊन उतरलो. भोक पाडलं, तर भिंत पोकळ! नुसता बोर्ड. स्क्रू गोल गोल फिरतो, धरत नाही. मोठा घेतला, तोच प्रकार.

मी सोडतो की काय? चांगले सहा इंची स्क्रू आणले आणि दाबले. आत घट्ट लाकूड लागलं! म्हटलं, बिल्डरने निदान आतून लाकडी चौकट तरी दिलीय. फळी अशी बसली की मी स्वतः तिला लोंबकळून पाहिलं. हलली नाही!

सामान वर चढवलं. परब बघून गेला. "मानलं तात्या!"

रविवारी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. तिथे सोसायटीचं गोदाम. हाक कदम वहिनींची, चाळीतल्या जुन्या शेजारणीची.

"भावजी, जरा या हो. माझं सागवानी कपाट हलेना. परवा सहज सरकत होतं, आज काय झालंय याला कोण जाणे!"

कपाट भंगारात द्यायचं होतं. दोन हमाल घाम पुसत उभे.

"घरी जेवायला घालत नाहीत का रे? व्हा बाजूला!"

पाय रोवला. ओढलं. कपाट बोटभर सरकलं आणि अडलं. भिंत करकरली. मला आणखीच चेव आला. सगळा जोर लावला!

पलीकडे आधी टाळ पडले. मग मृदंग. मग पेटी, सगळे सूर एकदम.

"गे बाय माझे! कोणाचं काय पडलं?" वहिनी ओरडल्या.

मी कपाटामागे वाकून बघितलं. पाठीत माझे स्क्रू. स्क्रूंना भिंतीचा तुकडा.

परब धावत आला. "संपलं तात्या. खोली गेली."

वहिनींनी पदर खोचला. "कशी जाते बघते! उचला रे हे कपाट, त्या खोलीत ठेवा. सगळं सामान मावतं यात. आता बोल, परब!"

परबनेच कपाटाचं एक टोक धरलं.

"वहिनी, हे उपकार ठेवणार नाही मी," म्हटलं. "तुमच्या स्वयंपाकघरात फळी लावायचीय ना? उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन गेलो, तर सुतार आधीच शिडीवर चढलेला.

"ड्रिल दाराबाहेर ठेवा, भावजी," वहिनी म्हणाल्या. "आणि शिडी धरा."

धरली. उपकार फिटले.