तिनं मागून घेतलेले शब्द

भूगावला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये ती परदेशी बाई तीन आठवडे राहिली. लग्न केलेलं नव्हतं, आई मात्र व्हायचं होतं. पाच वर्षांची मुलगी तिनं रीतसर दत्तक घेतली होती आणि आता तिच्या पासपोर्टची वाट पाहत होती.

बाईला एका जागी बसवत नसे. गॅलरीत येरझाऱ्या घालायची, दर पाच मिनिटांनी फोन बघायची, पोरीच्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. मुलगी पायातले बूट न काढता दाराशी बसून असायची. दोघींमधली दुभाषी मीच.

एका दुपारी मुलीनं मला विचारलं, "मावशी, ही मला परत कवा सोडनार?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाईच्या हातातला फ्रॉक हातातच राहिला. मग ती म्हणाली, "उत्तर तुम्ही देऊ नका. मला फक्त शब्द सांगा."

मी सांगितले. ती मुलीसमोर फरशीवर बसली आणि अडखळत म्हणाली, "नाई सोदनार."

मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "न्हाई सोडनार," ती म्हणाली. "असं म्हन."

चौथ्या खेपेला बाईला ते नीट जमलं. तरी मुलगी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होती.