इशाऱ्याचा रकाना

कुत्र्यांच्या वर्तनाचं प्रशिक्षण मी सैन्यातून पेन्शनवर आल्यावर, यवतमाळला घेतलं. तीन केस पास झाल्या की प्रमाणपत्र. माझी तिसरी केस मारेगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर लागली. मी तिला सवयीनं पोस्टिंग म्हणालो. आमच्या शिक्षिका जोशी मॅडम म्हणाल्या, "हवालदारसाहेब, तिथलं कुत्रं तुमचा हुकूम मानणार नाही. आधी बघा. हात नंतर."

नियम साधा होता. पहिला अर्धा तास कुत्र्याला हात लावायचा नाही. जे दिसेल ते वेळेसह वहीत लिहायचं.

सकाळी सातला पोचलो. जयसिंग राठोडच्या घरासमोर, येण्याजाण्याच्या वाटेवरच, त्याचा कुत्रा भुरा आखूड साखळीला बांधलेला होता. महिन्याभरात तो दोघांना चावला होता. जयसिंगला त्याला गाडीत घालून लांब सोडायचं होतं, पण त्याची आई ऐकत नव्हती. कुत्रं खतरनाक आहे असा माझ्या सहीचा कागद मिळाला की तिचं तोंड बंद होईल, हा त्याचा हिशेब. आईला तो याडी म्हणायचा.

याडीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जंगलवाल्यायनं पाठोलं का तुले?"

मी नाही म्हणालो. तिला पटलं नाही. आपली कुत्री ससे मारतात का, हे बघायला वनखात्यानंच माणूस धाडलाय, असं तिनं शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं.

मी अंगणात बसलो. भुरा माझ्यावर नजर ठेवून, मी त्याच्यावर, याडी आम्हा दोघांवर.

७.१८. भुऱ्यानं तोंड फिरवलं, ओठ चाटले. ७.२१. अंग ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला. हे इशारे असतात हे वर्गात शिकलो होतो, तरी मी लिहिलं नाही. मनात म्हणालो, नाटक करतोय. अर्धा तास व्हायच्या आत उठलो, साखळी मुठीला गुंडाळली आणि ओढली. तो गुरगुरला. मी आणखी ओढली. डाव्या मनगटात दात लागले आणि लगेच सुटले.

जयसिंग जवळ आला. "पाह्यलं ना साहेब? आता तरी लिहा. न गुरगुरता चावला म्हना."

"गुरगुरला होता," याडी म्हणाली. "म्या आयकलं."

"याडी, तू चूप राय."

जखम साबणानं पंधरा मिनिटं नळाखाली धुतली. जयसिंगनं मोटरसायकलवर आरोग्य केंद्रात नेलं. इंजेक्शन घेऊन बाकावर बसलो आणि मॅडमचा छापील फॉर्म काढला. पाचवा रकाना: कुत्र्यानं आधी इशारा दिला का?

'नाही' लिहिणं सोपं होतं. सैन्यात एकदा मी तेच केलं होतं.

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग डोंगरी सेक्टरमध्ये होती. मी डॉग हँडलर. माझ्याकडे झारा, काळी लॅब्रॅडोर. रोज पहाटे ती रस्ता हुंगायची. स्फोटकाचा वास आला की बसायची. बसली की बक्षीस म्हणून चेंडू. हुशार कुत्री हे उलटं शिकतात, नुसत्या चेंडूसाठी बसतात. त्या आठवड्यात झारा चार वेळा बसली आणि चारही वेळा खाली काही निघालं नाही. सेक्शनमध्ये माझी थट्टा चालली होती. मला तिचा संशय येऊ लागला.

०६४० वाजता एका पुलियाजवळ, रस्त्याखालच्या मोरीपाशी, ती पाचव्यांदा बसली. मागे गस्तीची तुकडी थांबलेली.

रेडिओवर विचारणा झाली, "रूट क्लिअर?"

मी पट्टा ओढून तिला उठवलं. "क्लिअर. ओव्हर."

आम्ही दोघं पुढे निघालो. ०६४३ ला मागे त्याच पुलियावर स्फोट झाला. सिपाही दिनेश रावत जागीच गेला.

चौकशीत साहेबांनी विचारलं, "डॉग ने इंडिकेशन दिया था?"

"नो सर."

सगळ्यांनी झाराला दोष दिला. तिला अविश्वसनीय ठरवून मागच्या तळावरच्या केनेलमध्ये पाठवलं. माझी नोकरी राहिली, बढतीही झाली.

पाचव्या रकान्यात मी लिहिलं: हो, तीन वेळा. चूक प्रशिक्षणार्थीची. मग ते जयसिंगला वाचून दाखवलं.

त्यानं फॉर्म हातात घेऊन पाहिला. "म्हंजे सोडाचं नाही?"

"वाटेवरून हलव. साखळी लांब कर. तो सांगतो तेव्हा थांबायचं."

"तुमी काहून नाही थांबले मंग?"

मी फॉर्मवर सही केली.

मॅडमनी केस नापास केली. एवढा अनुभवी माणूस ही चूक कशी करतो, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग?"

त्याच आठवड्यात दोन पत्रं टाकली. एक युनिटला, एक दिनेशच्या वडिलांना. दोन्हींत तीच ओळ होती: कुत्रीनं इशारा दिला होता, मी तिला उठवलं आणि चौकशीत खोटं बोललो. अजून कुठूनच उत्तर नाही. यावं असं म्हणायचा हक्क मला नाही.

दिनेश चोवीस वर्षांचा होता. जेवताना पोळीचा शेवटचा तुकडा तो झारासाठी ठेवायचा. हँडलरशिवाय कुणी कुत्र्याला खायला घालायचं नाही असा नियम होता, म्हणून मी त्याला दोनदा झापलं होतं. झारा त्या केनेलमध्ये कधी मेली, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.