बावडीपासूनचं अंतर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका पाण्यावर संशय घेणारा माणूस अख्ख्या बोरीवलीत शोधून सापडणार नाही. पाण्याशी संबंधित एका सरकारी खात्यात त्यांनी उभा जन्म घालवला. काम एकच, ठिकठिकाणचं पाणी बाटलीत भरायचं, वर चिठ्ठी डकवायची आणि संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बाटली काही सुटली नाही. लग्नाला गेले की वधूवरांच्या आधी पाण्याचा जार बघून येतात. मयताला गेले तरी परतताना त्या इमारतीची टाकी कधी धुतली होती याची चौकशी करतात. नमुना गार ठेवावा लागतो आणि त्यांचा फ्रिज पडला लहान, म्हणून बाटली आमच्याकडे येते. एकदा माझ्या बायकोला कोकम सरबताशेजारी ‘नाला, पुलाखालचा, सकाळ’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली सापडली. ती काकांना काही बोलली नाही. मला बोलली, आणि ते मला चार दिवस पुरलं.

या माणसाला शांत बसलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे आले की दारापासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारत बोलतात, आणि चहाचा कप त्यांच्यामागून फिरवावा लागतो. एकच जागा अशी होती जिथे ते जरा निवांत असायचे. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जुनं गावठाण आहे, तिथल्या अंकलची वाडी. अंकल गावठाणातले मूळचे ख्रिस्ती, अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये तीनेकशे कोंबड्या, आणि अंगणाच्या मधोमध बावडी, म्हणजे जुनी विहीर. काका मालवणचे, वडील गिरणीत. दोघांची तीस वर्षांची दोस्ती. दर रविवारी सकाळी काका तिथे अंडी आणायला जायचे आणि जेवायच्या वेळेला परतायचे, बहुतेक वेळा अंडी तिथेच विसरून.

गेल्या वर्षी वाडीत एकापाठोपाठ तीन घरांत जुलाबाची साथ शिरली. त्यात एक तान्हं मूल होतं, त्याला सलाइन लावावं लागलं. तिथली आठ-दहा घरं अजून बावडीचं पाणी वापरतात, नळाला पाणी नसलं की चहालासुद्धा. काकांना झोप येईना. त्यांनी दोरीने बावडीत बाटली सोडली, नमुना काढला, पदरमोड करून तपासून घेतला. अहवाल वाईट आला. कारण शोधायला लांब जायला नको होतं. कोंबड्यांची विष्ठा, पिसं, मेलेलं एखादं पिल्लू, सगळ्याचा ढीग शेडच्या मागे उघड्यावर पडायचा आणि पावसात वाहून सरळ बावडीच्या दिशेने जायचा.

दुसरा माणूस दोस्ताला बाजूला घेऊन हळूच बोलला असता. काकांनी नोटीस दिली. अधिकार कसलाच नसताना, साध्या वहीच्या कागदावर, खात्यातल्या भाषेत: ‘सदर पोल्ट्रीधारकास कळविण्यात येते की’. ढीग विहिरीपासून ठरावीक अंतरावर हवा, खाली पक्की जमीन, वर छप्पर, कडेला बांध, आणि नाल्यात एक पीसही जाता कामा नये.

अंकलनी ती चष्मा लावून शांतपणे वाचली. “बरं,” ते म्हणाले. “अंतर तूच मोजून दे.”

त्या रविवारी मी टेपचं दुसरं टोक धरायला गेलो होतो. काकांनी बावडीच्या कठड्यापासून चारी दिशांना टेप लावली. पूर्वेला आमच्या सोसायटीची भिंत आडवी आली, पश्चिमेला शेजाऱ्याची गाडी, दक्षिणेला क्रूस. घामाघूम होऊन काका पुन्हा पुन्हा मोजत होते. शेवटी नियमात बसणारी एकच जागा निघाली, ती अंकलच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या पलीकडे.

अंकल पोट धरून हसले. मीही हसलो. मग अंकल हसायचे थांबले आणि म्हणाले, “म्हंजे तू मला सांगतो, बंद कर.”

“मी नाही सांगत. नियम सांगतो.”

“नियमाला मी अंडी नाय दिली रे तीस वर्सं.”

काकांचा आवाज चढला. चिडले की ते मालवणीवर येतात. “त्या पोराक सलाइन लागला, ता तुका दिसना नाय?”

अंकल घरात गेले. काकांचे रविवार तिथेच संपले, आणि त्यांच्या फेऱ्या आमच्या घरात दुप्पट झाल्या.

मे महिन्यात अंकलच्या नातीचं लग्न निघालं. यांच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून बावडीवर जातात, पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. नवरीच्या आईला, आजीला याच बावडीचं पाणी घातलेलं. काका हैराण झाले. पत्रिका आली होती, पण अंकल स्वतः द्यायला आले नव्हते, दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवली होती. “त्या पाण्यानं पोरगीला आंघोळ?” काका मला विचारत, जणू मीच घालणार होतो.

आदल्या दिवशी पहाटे काका भिंतीवरून पलीकडे उतरले आणि बावडीत ब्लिचिंग पावडर टाकून आले. हिशोब त्यांना तोंडपाठ. फक्त तो त्यांनी पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या बावडीचा केला, आणि मे महिन्यात तिथे कंबरभर पाणी होतं. संध्याकाळी बँड वाजत गेला, पहिली कळशी वर आली आणि बँड थांबला. सगळं अंगण पोहण्याच्या तलावासारखं दरवळत होतं.

दहा मिनिटांत अंकल काकांच्या दारात उभे, अंगात नवा सूट. मी जिन्यातच होतो.

“ये,” अंकल म्हणाले. “पानी कवा वापरायचा ते तूच बघ आता.”

काका खाली धावले. चार कळशा ओतून दिल्या, पाचवीत नळाचं पाणी मिसळलं, क्लोरीन तपासायच्या औषधाचा थेंब टाकून रंग पाहिला, अखेर मान हलवली. नवरी शिंकत शिंकत हसत होती. अंकलनी सगळ्यांसमोर काकांच्या खांद्यावर हात टाकला. मला वाटलं, संपलं एकदाचं.

लग्न झालं आणि आठवड्याभरात अंकलनी कोंबड्या विकल्या. कुणी तक्रार केली नव्हती, कुणी अधिकारी आला नव्हता. काका विचारायला गेले तेव्हा अंकल पत्रे उतरवत होते. “नियम तुजा बरोबर हाय,” ते म्हणाले. “जागाच माजी खोटी.” पावसाळ्यापूर्वी ते वसईला मुलीकडे राहायला गेले.

या वर्षी बावडीचा अहवाल स्वच्छ आला. वाडीत जुलाब नाहीत, ते मूल आता चालतं. काकांनी लगेच वसईला फोन लावला, मी शेजारीच होतो. अंकल खूश झाले. काका म्हणाले, मग ये की परत. पलीकडून उत्तर आलं, “येऊन काय करू रे? सकाळी उठून दाणा कुणाला टाकू?”

फोन ठेवून काका बाल्कनीत गेले, तिथून भिंतीपलीकडचं मोकळं अंगण दिसतं. मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, “काका, यात तुमची काही चूक नव्हती.”

“तेच तर,” ते म्हणाले. “चूक असती तर वसईला जाऊन माफी मागितली असती.”