बॉल कुणीच उचलला नव्हता

"टचबॅक," डेल म्हणाला आणि माझ्यासमोरची फाइल उचलून त्यानं रॉनसमोर ठेवली.

रॉननं फाइलला हात लावला नाही. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं खिडकीकडे. माझ्या ग्रुपची टेक्निशियन कॅरल टेबलावरच्या कॉफीच्या डागाकडे बघत होती. डेल आमचा डायरेक्टर. कॉलेजात फुटबॉल, म्हणजे हातात बॉल घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल, खेळलेला, आणि ते त्याच्या खांद्यांवरून अजून कळायचं. आम्हा दोन ग्रुप लीड्सशी, म्हणजे रॉनशी आणि माझ्याशी, तो फुटबॉलच्याच भाषेत बोलायचा. एरवी मी ते सोडून देत असे. त्या दिवशी सोडलं नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. नोव्हाय गावाजवळच्या आमच्या कंपनीत हँडब्रेकची केबल बनायची. गाडी उतारावर उभी करून लीव्हर ओढला की मागची चाकं धरून ठेवते ती केबल. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतो आणि गाडी खालून गंजते. केबल गंजली तर अडकते, नाहीतर तुटते. म्हणून नवी केबल कस्टमरला देण्याआधी शेवटची टेस्ट असते सॉल्ट स्प्रेची. एका बंद पेटीत गरम खारट पाण्याचं धुकं सोडायचं, त्यात केबल लटकवून ठेवायच्या आणि मग गंज बघायचा.

आमच्या केबल पेटीतून अगदी चकचकीत निघाल्या. माझ्या ग्रुपनं टाळ्या वाजवल्या. कॅरलनं मात्र पेटीच्या टेम्परेचरचा ग्राफ बघितला. वीकेंडला हीटर बंद पडला होता. थंड धुक्यात लोखंड तितकं गंजत नाही. म्हणजे केबल चांगल्या होत्या की पेटी बिघडली होती, हे सांगता येत नव्हतं. कॅरल माझ्याकडे आली, मी ग्राफ बघितला आणि टेस्ट व्हॉइड केली. व्हॉइड म्हणजे पास नाही आणि फेलही नाही. झालीच नाही असं धरायचं.

आता डेलचा रूल. त्या काळात डेट्रॉइटच्या आसपास सगळीकडे ले-ऑफ चालू होते. कामं वेळेत व्हावीत म्हणून डेलनं जाहीर केलं होतं, की शेवटच्या टप्प्यावर ज्या ग्रुपच्या हातून काम सुटेल त्याचा प्रोजेक्ट दुसऱ्या ग्रुपला जाईल. त्याला त्यानं नाव दिलं टचबॅक. ज्या ग्रुपकडे प्रोजेक्ट नाही त्याचं ले-ऑफमध्ये काय होतं, हे वेगळं सांगायला नको. केबल गेली असती तर आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

"टेस्ट फेल झालेली नाही," मी म्हटलं.

"पासही झालेली नाही. गोल लाइनपाशी बॉल सुटला, वॅस. रूल इज रूल." माझं वसुधा हे नाव त्याच्या तोंडात एवढंच मावायचं.

"मला पुढच्या गुरुवारपर्यंत वेळ दे."

"कशाला?"

"तुझा रूल समजून घ्यायला."

तो हसला. "तू फुटबॉल बघतेस?"

"नाही. आता बघेन."

घरी माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, हा खेळ पाठ होता. अमेरिकेत आल्यावर ऑफिसात सोमवारी बोलायला विषय हवा म्हणून त्यानं बघायला सुरुवात केली, आणि मग तो रविवारी सोफ्यावरून उठेनासा झाला. पोळ्या लाटता लाटता मी त्याला म्हटलं, "फंबलचा रूल सांग. थोडक्यात सांग, कॉमेंट्री नको."

त्यानं पोळपाटालाच मैदान केलं. बॉल घेऊन पळणाऱ्याच्या हातून बॉल सुटला की तो फंबल. जो उचलेल त्याचा बॉल. पण तो सुटून पुढे घरंगळला आणि बाजूच्या रेषेबाहेर गेला, कोणीच उचलला नाही, तर तो ज्यांच्या हातून सुटला त्यांच्याकडेच राहतो, जिथे सुटला त्या जागी. मैदानाच्या टोकाला एक पट्टा असतो, एंड झोन. तिथे बॉल नेला की टचडाउन. बॉल सुटला, घरंगळत त्या पट्ट्यात गेला आणि तिथून बाहेर पडला, तर मात्र तो समोरच्या टीमला देऊन टाकतात. त्यांनी बोटही लावलेलं नसलं तरी. हाच टचबॅक.

"म्हणजे तोच बॉल, तसाच सुटला, तसाच बाहेर गेला. चार पावलं अलीकडे गेला तर माझा आणि पलीकडे गेला तर त्यांचा?"

"हो."

"हे फेअर आहे?"

"का नाही? कबड्डी आठव," श्रीकांत म्हणाला. तो नागपूरचा, कॉलेजच्या टीममध्ये होता. "रेडर तीन गडी मारून परत येतोय, मधली रेषा हातभर राहिली आणि पाय मैदानाबाहेर पडला. तर?"

"बाद."

"मारलेले गडी?"

"ते वाचले."

"समोरच्यांनी त्याला धरलं होतं?"

"नाही."

"मग? तेव्हा कधी रडलीस का फेअर-फेअर करून?"

मी लाटणं बाजूला ठेवलं. तव्यावरची पोळी करपली. ती उतरवताना उत्तर सुचलं.

"कबड्डीत बाहेर पाय पडला की बाद, बरोबर. पण कुठेही पडला तरी बाद! समोरच्या टोकाला पडू दे, नाहीतर मधल्या रेषेजवळ. सगळ्या मैदानाला नियम एकच. तुझ्या फुटबॉलमध्ये शंभर यार्ड एक कायदा आणि शेवटच्या पट्ट्यात दुसरा."

श्रीकांतनं करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेतली. "हं. पॉइंट आहे यार. पण डेलसमोर कबड्डी काढू नकोस."

काढली नाही. रविवारी अख्खी मॅच मात्र त्याच्या शेजारी बसून बघितली, आणि माझे मुद्दे ओळीनं मांडून ठेवले. आयत्या वेळी सुचेल यावर माझा विश्वास नाही.

गुरुवारी तीच खोली, तीच माणसं. फाइल अजून रॉनसमोरच होती, बंद.

"बोल, कोच," डेल म्हणाला.

"तुझा रूल फेअर नाही. इथे तर नाहीच, फुटबॉलमध्येसुद्धा नाही."

रॉननं शीळ घातली. डेल खुर्चीत सरळ झाला. "वॅस, एंड झोन ही समोरच्यांची जागा. ते ती जिवापाड राखतात. तिथे बॉल घेऊन जायचा तर सांभाळूनच न्यायचा. नाही सांभाळला तर शिक्षा."

"शिक्षा निष्काळजीपणाची?"

"अर्थात."

"मग मैदानाच्या मधोमध निष्काळजीपणा चालतो? तिथे बाहेर गेलेला बॉल परत का देता?"

"तिथे काही पणाला लागलेलं नसतं."

"म्हणजे तू चुकीची शिक्षा करत नाहीस. यशाच्या किती जवळ होता, त्याची करतोस. जो सगळ्यात पुढे पोचला, हात लांब करून बॉल रेषेपार न्यायला गेला, त्यालाच सगळ्यात मोठा फटका."

"तो फटका माहीत असतो म्हणून तर तो बॉल घट्ट धरतो."

हा मुद्दा खरा होता. मी तसं सांगितलं. खोटं कशाला बोलायचं? मग म्हटलं, "घट्ट धरतो, मान्य. पण इथे घट्ट धरायचं म्हणजे काय करायचं, ते कॅरलला विचार."

डेल तिच्याकडे वळला. कॅरल मीटिंगमध्ये कधी बोलायची नाही. "त्या सोमवारी केबल चकचकीत होत्या," ती म्हणाली. "मी तो ग्राफ कचऱ्यात टाकला असता तर तुम्ही आम्हाला पिझ्झा दिला असता." तिनं आणखी एक वाक्य टाकलं. "पुढच्या वेळी मी ग्राफ बघेन का, मला खात्री नाही."

डेलचे कान लाल झाले. त्याला दोन मुली होत्या आणि दोघी नुकत्याच गाडी चालवायला लागल्या होत्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी ते काढलं नाही.

"आणखी एक," मी म्हटलं. "टचबॅक झाला की बॉल समोरच्या टीमच्या हद्दीत, वीस यार्डांवर नेऊन ठेवतात आणि ते तिथून उलट्या दिशेनं पळतात. रॉन कुठल्या दिशेनं पळणार आहे?"

"त्याच. पण वीस यार्डांपासून, म्हणजे जवळपास सुरुवातीपासून," रॉन म्हणाला. "मला केबलमधलं ओ की ठो कळत नाही, डेल. आणि हे बघ, हा बॉल मी उचललेला नाही." त्यानं एका बोटानं फाइल टेबलाच्या मधोमध ढकलली.

डेलनं फाइल उचलून माझ्यासमोर ठेवली. "फुटबॉलमध्ये रूल बरोबरच आहे," शेवटी तो म्हणाला.

"नाही."

"आहे, वॅस. पण ठीक. तुमची टेस्ट परत करा. बॉल जिथे सुटला तिथून. आणि या वेळी केबल गंजल्या तर मला एक शब्द ऐकवायचा नाही."

"नाही ऐकवणार."

हीटर बदलला. नव्या केबल लटकवल्या. कॅरल रोज ग्राफ बघायची, आणि तिच्यामागून मी.

पेटी उघडली तेव्हा केबल वरून चांगल्या दिसल्या. मग कॅरलनं एक उलटी केली. केबल जिथे धातूच्या टोकात दाबून बसवतात त्या सांध्यावर तपकिरी कडं होतं. दुसरीवर तेच. सांध्यातून खारं पाणी आत शिरत होतं. पहिल्या, थंड टेस्टमध्ये ते दिसलंच नव्हतं.

"ओह बॉय," कॅरल म्हणाली.

मी रिपोर्टवर फेल लिहिलं, फाइल घेतली आणि स्वतः रॉनच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"डेलला सांगितलंस?" रॉननं विचारलं.

"आता सांगते."

डेलनं रिपोर्ट वाचला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "भाषण नाही?"

"नाही. या वेळी बॉल मैदानात पडला आणि गंजानं उचलला."

केबल रॉनच्या ग्रुपकडे गेली. मी कॅरलला केबलबरोबर पाठवलं, कारण तो सांधा तिच्याइतका कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी सील बदललं, टेस्ट पास केली आणि केबल गाड्यांमध्ये गेली. माझा ग्रुप मोडला. आमच्यातल्या एकाला ले-ऑफ मिळाला. हे मी गोड करून सांगणार नाही. तो जाताना माझ्याशी बोलला नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.

मला डेलनं टेस्टिंग लॅब दिली. ती कोणालाच नको असायची. पहिल्याच आठवड्यात मी तिथला नियम लिहिला. टेस्ट व्हॉइड झाली तर काम ज्याचं त्याच्याकडेच राहील, आणि व्हॉइड का झाली हे ज्यानं सांगितलं त्याचं नाव रिपोर्टवर सगळ्यात वर येईल. डेलनं सही केली. सही करता करता म्हणाला, की तरीही फुटबॉलचा रूल बरोबर आहे.

नाही, बरोबर नाही. आम्ही दर सीझनला त्यावर भांडतो. नियम कडक असायला माझी ना नाही. त्या नियमानं माझा प्रोजेक्ट गेला तेव्हा मी एक शब्द काढला नाही. पण कामाच्या ठिकाणी जो आपली चूक स्वतः येऊन सांगतो त्याला दंड लावलात, तर चुका कमी होत नाहीत. फक्त तुम्हाला कळायच्या बंद होतात.